हौसाच्या खळ्यापुढचा पडदा

पडदा लावू देणार नाही म्हणजे नाही, असं हौसाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या हातात शेणाची पाटी होती, त्यामुळे मंडळी जरा लांबूनच ऐकत होती.

मंडळी म्हणजे स्पर्धा समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्णभाऊ आणि त्यांच्याबरोबर रत्नागिरीहून आलेला चिंतामणी व्हिडिओवाला. भाऊंच्या आंब्याच्या बागा होत्या, आवाज मऊ होता आणि उभ्या आयुष्यात त्यांना कोणी नाही म्हटलेलं नव्हतं. दर मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की, भाट्याहून आत दोन कोसांवरच्या या गावात फुटबॉलचे सामने व्हायचे. शहाऐंशी साली मात्र भाऊंनी थेट मुंबईचे दोन पगारी संघ बोलावले. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव लावायचं, महिन्याचा पगार घ्यायचा आणि काम म्हणून फुटबॉल खेळायचा, अशी ती माणसं. त्यातल्या एका संघात हौसाचा थोरला, धोंडू होता.

"हे बघ हौसा," भाऊ म्हणाले, "सामना दाखवायचा हक्क समितीने ह्या चिंतामणींना दिलाय. स्टँपपेपरवर सह्या झाल्यात. हे कॅसेट काढणार आणि रत्नागिरीत, चिपळुणात, मुंबईच्या मंडळांत दाखवणार. दुसऱ्या कोणी दाखवायचा नाही आणि फुकट कोणी बघायचा नाही. चहूबाजूंनी कापड लागणार. तुझ्या खळ्यातून, ह्या अंगणातून, खालचं सगळं मैदान दिसतं, म्हणून तुझ्या कुंपणाच्या गडग्यावर बांबू रोवायचेत."

"अख्खी वाडी माज्या खळ्यात बसून सामने बगते. माजा सासरा हितनंच बगायचा."

"तेव्हा हक्क नव्हते गं."

चिंतामणीला राहवेना. तो शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा गृहस्थ होता. "बाई, पुढच्या महिन्यात तिकडे मेक्सिकोत जगाचे सामने आहेत. तिथेही ज्याला हक्क दिलाय तोच दाखवणार. बाकीच्यांनी कॅमेरा आतसुद्धा न्यायचा नाही. जगाची रीतच आहे ही."

"मेक्सिकोत कोनाच्या खळ्यापुढं पडदा लावलानी काय?" हौसाने विचारलं.

मेक्सिकोत खळी असतात की नाही, हेच चिंतामणीला ठाऊक नव्हतं.

वाडीचं एक वेळ सोडा. वाडीने कापडाला भोकं पाडून पाहिलं असतं. हौसा भांडत होती ती भागोजीसाठी, तिच्या नवऱ्यासाठी. तीन वर्षांपूर्वी तो भाऊंच्याच बागेतल्या माडावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. भाऊंनी तेव्हा एक घोंगडी पाठवून दिली होती. त्याआधी सामन्यांच्या याच माळावर, चिंध्यांच्या चेंडूने, भागोजीने पोराला खेळायला शिकवलं होतं. पुढे पोरगा मुंबईला गेला, बूट घालून खेळू लागला, आणि बापाने त्याचा एकही सामना पाहिला नाही. आता पोरगा आपल्या दारात खेळायला येणार होता. त्या दिवसाची वाट बघत भागोजी चैत्रापासून दाढी नीट करून घेत होता.

"भागोजीला आम्ही उचलून खाली नेतो," भाऊ म्हणाले. "पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसवतो."

"डोलीतनं दवाखान्यात नेलेला, तवा वाटंत दोनदा शुद्ध गेली व्हती. डाक्तर म्हनाला, आता हलवलात तर माजं नाव घिऊ नका."

"मग कॅसेट दाखवू की! टीव्हीसकट घरी आणून देतो," चिंतामणी म्हणाला.

तेवढ्यात खळ्यातल्या बाजेवरून भागोजीचा आवाज आला. एरवी तो दिवसाकाठी चार शब्द बोलायचा. "त्यात झालेला दाखवतात. मला नको. मला होताना बगायचाय."

झालं. त्यानंतर हौसाशी बोलण्यात काही अर्थच उरला नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी धोंडू घरी आला. नवे बूट, नवी बॅग, आणि तोंड मात्र उतरलेलं. "आये, लावू दे ना कापड. भाऊ आमच्या साहेबांच्या कानाला लागलेत. उद्या मला बाकावर बसवलं तर?"

हौसा चुलीपुढून हललीदेखील नाही. "बाकावर बसलास, तर बापूस तुला बाकावर बसलेला बगील. जेव आता."

धोंडू मुकाट्याने जेवला. आईचा राग आला होता त्याला, आणि बापाकडे बघितलं की तो राग कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी आपली हुशारी दाखवलीच. गडगा हौसाचा असला, तरी गडग्यापलीकडची हातभर जागा पंचायतीची होती. तिथे उंच बांबू रोवले, मांडवाचं निळं कापड ताणलं आणि जवळ एक हवालदार उभा केला. भागोजीच्या बाजेसमोर तीन पावलांवर नुसतं निळं कापड. त्याने ते थोडा वेळ पाहिलं आणि मान फिरवली. ती फिरवलेली मान हौसाने पाहिली, आणि तिचं डोकं फिरलं.

चार वाजता शिट्टी वाजली. हौसाने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पन्नाशी उलटलेली ती बाई जांभ्या दगडांच्या गडग्यावर चढून उभी राहिली. कापडाच्या वर तिचं डोकं निघालं. खाली सगळं मैदान दिसत होतं. सगळ्यात चांगलं दिसतं तिथे, म्हणजे नेमकं तिच्या पायांखाली, चिंतामणीने माची बांधून कॅमेरा लावला होता.

"अवो!" ती मागे वळून ओरडली. तिचा आवाज तीन शेतांपलीकडच्या म्हशीला घरी आणणारा आवाज होता. "धोंड्याला घेतलानी! खेळतोय! उजव्या अंगाला हाय!"

बाजेवर हालचाल झाली.

"चेंडू आला त्येच्याकडं! निगाला, निगाला! एकाला चकवलान! दुसऱ्याला... पाडलान! मेल्यानं पाडलान माज्या पोराला! अरे शिट्टीवाल्या, तुझ्या तोंडात काय शिट्टी अडकली?"

लोक सामना सोडून वर बघू लागले. हवालदार म्हणाला, "बाई, खाली उतर."

"गडगा माजा, तोंड माजं. माज्या तोंडाचा हक्क कोनी स्टँपपेपरवर घेतला असंल तर कागद दाव."

हवालदाराकडे कागद नव्हता. हौसाचं चालूच राहिलं. चेंडू कुठे गेला, कोण पडला, धोंडू किती धावला, सगळं. मध्ये एक गोल बसला, तो नेमका पलीकडच्या संघाचा, तोही तिने तितक्याच मोठ्याने सांगितला. अधूनमधून पाहुण्यांचीही खबर दिली. "अवो, भाऊ खुर्चीत पेंगतायत. हक्क देऊन दमलेत!" मैदानभर हशा पिकला आणि भाऊंनी डोळे उघडले.

मध्यंतराला चिंतामणीने कानाला यंत्र लावून कॅसेट ऐकली आणि त्याचा चेहरा पडला. अर्धा सामना आणि सबंध हौसा. ही कॅसेट तो मुंबईच्या मंडळात लावणार होता, भाऊंच्या व्याह्यांसमोर. तो धापा टाकत गडग्याशी आला.

"बाई, हात जोडतो. जरा गप्प बसा."

"कापड काडा, मी गप बसतंय."

मागोमाग भाऊ आले. मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "अजिबात काढायचं नाही! आज हिच्यापुढं काढलं, की उद्या प्रत्येकजण गडग्यावर चढेल. मग हक्काला अर्थ काय राहिला?"

चिंतामणीने एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे. "भाऊ, हक्क माझा आहे ना? सह्या करून दिलात ना मला? मग मी सांगतो, सोडा कापड." कोणी पुढे येईना, तेव्हा त्याने स्वतःच गाठी सोडल्या. निळं कापड भसकन खाली आलं, आणि माळ, माणसं, गोलाचे खांब सगळं एकदम भागोजीपुढे उघडं पडलं.

वाडी हां हां म्हणता खळ्यात जमली. पाठीला उशा देऊन भागोजीला बसतं केलं. हौसाने दिलेला शब्द पाळला. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती उभी राहिली, आणि गप्प राहणं किती कष्टाचं काम आहे ते तिला आज समजलं.

धोंडूचा संघ एका गोलाने मागे होता तो मागेच राहिला. शेवटची दोन मिनिटं उरली. एक लांब चेंडू आला आणि धोंडू एकटा सुटला. पुढे फक्त गोलरक्षक, तोही घसरून पडलेला. सगळं खळं उठून उभं राहिलं. धोंडूने पाय उचलला आणि चेंडू आडव्या खांबावरून गेला, पार करवंदीच्या जाळीत. शिट्टी वाजली. हरले.

हौसाला नवऱ्याकडे बघायचा धीर होईना. एवढं भांडून, एवढा तमाशा करून त्याला दाखवलं ते काय, तर हे. शेवटी तिने पदर खाली केला.

"बगितलंव?"

"बगितला." भागोजीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्याला घाई नव्हती. "चुकला. सोपा गोल चुकला गाढव." मग त्याने मान वर केली आणि खाली उभ्या भाऊंनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "पन माज्या डोळ्यांदेखत चुकला!"