पुढच्या खेपेला

बाबांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. अर्ध्या तासापासून तो नदीकाठच्या उंबरावर नुसता बसून होता.

बाबा कल्याण ते वैशाखरे जीप चालवायचे. वाटेवरचं प्रत्येक हॉटेल त्यांना ठाऊक होतं, आणि लहानपणी ते मला सोबत न्यायचे. म्हणून सकाळीच मी त्यांच्या आवडीची पार्सलं आणली होती. मुरबाड स्टँडसमोरची मिसळ आणि वैशाखऱ्याच्या खानावळीतली नाचणीची भाकरी, ठेच्यासकट. ती पिंडाशेजारी मांडली. कावळ्याने मान फिरवली.

"इतकी हॉटेलं पालथी घातलीस गो," भगीरथकाका म्हणाले, "दादाला आणखी काय पायजे? जिता होता तवा ताटात शीत ठेवत नव्हता." कुणीतरी हसलं. मग काकांनी हात जोडले. "दादा, पोरीला आमी अंतर देणार नाय."

कावळा हलला नाही.

आई मागे उभी होती. तिला बाबांनी एकदाही हॉटेलात नेलं नव्हतं. ती विचारायची, आणि ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की." शेवटच्या सकाळीही तेच सांगून निघाले होते.

आई पुढे येऊन वाकली. "मी येते लवकरच," ती हळू आवाजात म्हणाली. "मग जोडीने जेवू."

कावळा लगेच खाली उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. आईचं बोलणं मी एकटीनेच ऐकलं होतं.

घरी पंगत बसली. मी आईसाठी ताट वाढलं. तिने ते हलकेच माझ्याकडे सरकवलं.

"तू जेव गो. मी भूक राखून ठेवलीय."