पाच हजारांत मुक्या किती

"शिट्टी नुसती हातात आली की मला कळतं, ही बोलणार की मुकी राहणार," शिट्ट्यांच्या कारखान्यातले तपासनीस म्हणाले. "तीस वर्षं झाली. फुंकायचं ते फक्त रिवाज म्हणून."

साहेबांनी समोरच्या खोक्यातून एक शिट्टी उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. तपासनिसांनी ती जोखली, अंगठ्याने चोळली आणि जाहीर केलं, "बोलणार. खणखणीत बोलणार."

फुंकली. फुस्स. दुसऱ्यांदा फुंकली तेव्हा फुस्ससुद्धा नाही.

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मंगळवारी हवेचा पंप येतोय. त्याच्या नळीला शिट्टी लावायची की झालं. तरी तुम्ही जुने आहात, म्हणून एक संधी. जीवरक्षकांची ऑर्डर आहे, पाच हजार शिट्ट्या. त्यात मुक्या किती, आणि आवाज साधारण किती पावलं जातो, एवढं मंगळवारी सकाळी सांगा. जमलं तर खिडकीजवळची खुर्ची तुमची. नाही जमलं तर गोदामात पुठ्ठ्याची खोकी जोडायला बसा."

शनिवार होता. तपासनिसांनी पाच हजारही फुंकायचा चंग बांधला. एकशे चाळिसाव्या शिट्टीला त्यांना दोन दोन खिडक्या दिसायला लागल्या. ओठ सुजून भजीएवढे झाले. घरी आले तर चहा बशीतून ओघळून शर्टावर.

"सगळ्या कशाला फुंकायच्या, बाबा?" सूनबाई म्हणाली. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, म्हणजे नक्की काय शिकवायची हे घरात कुणी आजवर विचारलं नव्हतं. "थोड्या पुरतात."

"थोड्यांवरून पाच हजारांचं कसं कळेल?"

"शितावरून भाताची परीक्षा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून करतेय. अख्खं पातेलं चाखून बघत बसले असते तर तुम्ही काय खाल्लं असतं?"

तपासनिसांना हे नवीनच होतं. म्हणजे भात नवीन नव्हता, त्यातलं डोकं नवीन होतं.

रविवारी सकाळी आधी आवाजाचं काम काढलं. तपासनीस दारात उभे राहून शिट्टी वाजवणार, बायको पावलं मोजत रस्त्याने चालत जाणार, ऐकू येईनासं झालं की रुमाल हलवणार. सात शिट्ट्या, सात फेऱ्या. सहा फेऱ्या छान झाल्या: दोनशे दहा, एकशे नव्वद, दोनशे पाच, दोनशे वीस, एकशे पंच्याण्णव, दोनशे. सातव्या फेरीला बायको कोपऱ्यावरून वळली ती दिसेनाशीच झाली. तपासनीस फुंकत राहिले. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पाऊण तासाने बायको आली आणि म्हणाली, "एक हजार पाचशे दहा."

"इतक्या लांब ऐकू आली?"

"ऐकतंय कोण. कोपऱ्यावर टेलरीणबाई भेटली, म्हणाली नवे पडदे बघायला चल."

"आणि मोजत होतीस?"

"मोज म्हणालात ना? तिच्या जिन्याच्या पायऱ्यांसकट मोजलं."

सूनबाईला हसू आवरेना. तिने सातही आकड्यांची बेरीज करून सातने भागलं. सरासरी आली तीनशे नव्वद. तपासनीस कागदाकडे बघत राहिले. एकही शिट्टी धड अडीचशे पावलं गेली नव्हती आणि सगळ्या मिळून तीनशे नव्वद जात होत्या.

"आता लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडा," सूनबाई म्हणाली, "आणि बरोब्बर मधला उचला."

मधला होता दोनशे पाच.

"आईंची सातवी फेरी पाच हजार पावलांची झाली असती तरी मधला जागचा हलला नसता. याला मध्यक म्हणतात."

"सरासरीला कुणीही एकटा ओढून नेतो की गं," तपासनीस म्हणाले.

"माझ्याकडे बघून बोलू नका," बायको म्हणाली. "फेरी परत करायला मी काही जाणार नाही."

सोमवारी तपासनीस गोदामात गेले. पहिल्या खोक्याच्या वरच्या थरातल्या पन्नास शिट्ट्या फुंकल्या. पन्नासही बोलल्या. मुकी एकही नाही, म्हणजे पाच हजारांत शून्य. जेवायला घरी आले ते शीळ घालतच.

"पन्नास कुठल्या घेतल्यात?" सूनबाईने विचारलं.

"वरच्या. हाताशी होत्या."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, शीत बघायच्या आधी भात हलवतात. वरचा कच्चा असतो आणि खाली लागलेला असतो."

तपासनीस तसेच उठले. ताडपत्री पसरून सगळी खोकी ओतली आणि फावड्याने ढीग खालीवर करायला लागले. मग डोळ्यांवर रुमाल बांधून पन्नास शिट्ट्या काढल्या. दोन मुक्या. फडक्याने पुसून परत ढिगात टाकल्या, पुन्हा ढवळलं, पुन्हा पन्नास. तीन मुक्या. असं कसं? ढीग तोच, फुंकणारा तोच. पुन्हा काढल्या तर एक. आता त्यांना खुर्ची, पंप, साहेब कशाचीच आठवण राहिली नाही. पन्नास फुंकायच्या, भोवळ उतरेपर्यंत खोक्यावर बसायचं, पुन्हा काढायच्या. दोन, चार, शून्य, दोन, एक, तीन, दोन. दर वेळी आकडा वेगळा, पण खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखा फिरून फिरून दोनच्याच आसपास. भिंतीवर खडूने त्यांनी प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर फुल्या मारल्या, तर मधे उंच आणि दोन्हीकडे उतरती अशी टेकडी उभी राहिली. कुणी न सांगता. ते बराच वेळ त्या टेकडीकडे बघत बसले.

संध्याकाळी सूनबाईने हिशेब मांडला. पाचशे फुंकल्या, वीस मुक्या. शंभरात चार. पाच हजारांत साधारण दोनशे.

"दोनशे सांगू मग?"

"नुसते दोनशे नका सांगू. एकशे दहा ते दोनशे नव्वद सांगा."

"हे काय उत्तर झालं? पाहुणे किती येणार म्हटलं तर चार ते चाळीस?"

"नेमका आकडा थापाड्या सांगतो, बाबा. आणि हेही शंभरात पाचेक वेळा चुकतं."

"म्हणजे चुकलं तरी तू बरोबरच."

"म्हणून तर नोकरी टिकलीय."

मंगळवारी सकाळी तपासनिसांनी सांगितलं, "आवाज दोनशे पाच पावलं. मुक्या एकशे दहा ते दोनशे नव्वद. पाचशे फुंकून बघितल्या."

साहेब म्हणाले, "अशी उत्तरं माझा मेहुणा देतो. पंपच ठरवू दे."

पंप सुरू झाला. नळीला शिट्टी लावायची, खटका दाबायचा, बोलली की उजवीकडे, नाही तर डावीकडे. दिवसभर कारखान्यात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू आलं नाही. पाच वाजता साहेबांनी डावीकडचा ढीग मोजला. मग परत मोजला. दोनशे सत्तावीस.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "खुर्ची तुमचीच," ते म्हणाले. "पण मला एक सांगा, पाचशेच फुंकून हे कसं काय?"

"दाखवतो," तपासनीस म्हणाले. त्यांनी उजवीकडच्या ढिगात फावडं घातलं, छान खालीवर केलं, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि पन्नास शिट्ट्या काढून एकेक फुंकली.

एकही बोलली नाही. पंपाच्या जोरदार हवेने शिट्ट्यांचे चिकटवलेले सांधे सुटले होते. माल न्यायला आलेला ट्रक फाटकाशी उभा होता, आणि पाच हजारांत मुक्या आता पाच हजार होत्या.