बारा पंच्याण्णव

व्हर्लिन हकाबीच्या लाल स्पोर्ट्स कारला तीन पेडलं होती, आणि त्यातलं डावीकडचं पेडल गेली दोन वर्षं त्याच्या संसारात भांडण लावून बसलं होतं.

पेडलचा तसा काही दोष नव्हता. दोष होता गुडघ्याचा. व्हर्लिनचा डावा गुडघा झिजून झिजून अशा थराला आला होता की क्लच दाबला की आतून करकर आवाज येई, आणि तो आवाज इंजिनच्या वर ऐकू जाई. डॉक्टरनं गुडघा बदलायला सांगितला होता. व्हर्लिननं डॉक्टर बदलला. दुसऱ्यानंही तेच सांगितल्यावर त्यानं डॉक्टर हा विषयच बंद करून टाकला.

"घाबरतोस तू," त्याची बायको ओपल म्हणायची.

"घाबरत नाही, मला माहीत आहे," तो म्हणायचा. "अडतीस वर्षं गिअरबॉक्स खोलले मी. चार हजार तरी असतील. सगळं नीट परत बसवलं, गाडी झकास चालली, गिऱ्हाईक हसत घरी गेलं, आणि टेबलावर बघतो तर एक वॉशर उरलेला! आता तो डॉक्टर माझा गुडघा खोलणार. त्याच्या टेबलावर काय उरलं ते मला कोण सांगणार?"

तेव्हा ओपलनं गुडघ्याचा नाद सोडला आणि पेडलच्या मागे लागली. गुडघा बदलायचा नाही ना? मग गाडी बदल. त्या लाल गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसव, म्हणजे डाव्या पायाला कामच उरणार नाही.

हे ऐकून व्हर्लिनच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ऑटोमॅटिक! आयुष्यभर त्यानं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच दुरुस्त केले होते. त्यांच्या बिघडण्यावर त्याचं घर चाललं, पोरी शिकल्या. पण स्वतःच्या गाडीत? "वेग आपण घ्यायचा असतो, बाई. ऑटोमॅटिकमध्ये तो कुणीतरी आणून देतं."

"आणून देतं ते तुझ्या आधी आणून देतं," ओपल म्हणाली. "आजकालची ऑटोमॅटिक माणसाच्या हातापेक्षा लवकर गिअर बदलते. हे तूच परवा शेजाऱ्याला सांगत होतास."

"शेजाऱ्याला सांगितलं. मला कुठे सांगितलं?"

ओपल स्वतः ऑटोमॅटिकवाली. तिनं चौतीस वर्षं गावातल्या शाळेची पिवळी बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःला एक चंदेरी स्पोर्ट्स कार घेतली, दोन पेडलांची. इंडियानातल्या त्या गावात चाळिशीच्या आतलं प्रत्येक माणूस कधी ना कधी ओपलच्या बसमध्ये बसलेलं होतं आणि अजूनही तिच्यासमोर ताठ बसत होतं.

शेवटी जेवणाच्या टेबलावर बाजी लागली.

"रविवारी पट्टीवर ये," ओपल म्हणाली. "तू आणि मी. मी जिंकले तर ते पेडल माझं. काढणार आणि ऑटोमॅटिक बसवणार, तेही तुझ्याच हातून."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर गुडघ्यातला 'ग' सुद्धा काढणार नाही. मरेपर्यंत."

व्हर्लिननं तिथल्या तिथे हात पुढे केला.

पट्टी म्हणजे पाइक क्रीकची पाव मैलाची सरळ धावपट्टी. तिथली रीत अशी, की गाडी पाव मैल किती सेकंदांत कापेल तो आकडा ज्यानं त्यानं आपल्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं लिहायचा. दोन आकड्यांत जेवढा फरक, तेवढं आधी सुटायला हळू गाडीला मिळतं. मग जो रेषेवर आधी पोचेल तो जिंकला. मात्र लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. नाहीतर सगळेच कासवाचा आकडा लिहून सशासारखे पळाले असते. थोडक्यात, तिथे बढाई मारून चालत नाही आणि विनय दाखवूनही चालत नाही. स्वतःला ओळखावं लागतं, आणि सत्तरीतही व्हर्लिनला नेमकं तेवढंच जमत नव्हतं.

घरी मात्र त्याचा आकडा ठरलेला होता. "माझी गाडी बारा पंच्याण्णवची आहे." हे तो जेवताना सांगे, चर्चच्या पायऱ्यांवर सांगे, आणि दात काढून घ्यायला गेला तेव्हा तोंडात कापूस असतानाही त्यानं सांगितलं होतं. बारा पॉइंट पंच्याण्णव सेकंद. शेवटचे कधी आले होते ते मात्र तो सांगत नसे. त्याला अकरा वर्षं झाली होती.

रविवारी सकाळी सरावाच्या तीन फेऱ्या मिळाल्या. ओपलच्या आल्या चौदा अकरा, चौदा दहा, चौदा अकरा. व्हर्लिनच्या आल्या तेरा अडतीस, तेरा एकवीस, तेरा चोपन्न. दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकायची वेळ आली की पाय जरा घुटमळे. गुडघा आधी करकरे, मग विचार करी, मग क्लच दाबी.

ओपलनं काचेवर चौदा दहा लिहिलं आणि ताटलीच्या बाहेर लोंबणारं पोर्क टेंडरलॉइनचं, म्हणजे तळलेल्या डुकराच्या मांसाचं, सँडविच खायला घेतलं.

व्हर्लिन पॉलिशची बाटली घेऊन आपल्या काचेपुढे उभा राहिला. 'बारा' लिहायला हात उचलला. गुडघ्यानं कळ दिली. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि अगदी बारीक अक्षरात लिहिलं, तेरा वीस.

"हे काय?" ओपल मागे येऊन उभी होती. "बारा पंच्याण्णव कुठं गेले?"

"डावपेच असतो एकेकाचा," व्हर्लिन म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते. ओपल हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुपारी दोघांची जोडी लागली. ध्वनिक्षेपकावर क्लेटन होता. हा क्लेटन लहानपणी मस्ती करायचा म्हणून त्याला बसमध्ये सबंध दोन वर्षं ओपलच्या मागच्या सीटवर बसावं लागलं होतं.

"मंडळी, डावीकडे मिस ओपल, चौदा दहा, ऑटोमॅटिक! उजवीकडे त्यांचे यजमान व्हर्लिन, तेरा वीस, तीन पेडलं! आज रात्री स्वयंपाक कोण करणार ते आत्ता ठरतंय!"

"क्लेटन, नीट बोल," ओपल खिडकीतून ओरडली.

"हो मिस ओपल," ध्वनिक्षेपक म्हणाला.

खांबावरचे पिवळे दिवे उतरत आले आणि हिरवा लागला. ओपलला नऊ दशांश सेकंद आधी सुटायचं होतं, ती सुटली. व्हर्लिन क्लच दाबून बसला होता. समोर चंदेरी गाडीची पाठ लहान होत होती आणि त्याच्या मनात एकच विचार होता: हे पेडल मी उद्या स्वतःच्या हातानं काढणार. मग त्याचा हिरवा लागला.

पुढे काय झालं ते त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. गुडघ्यानं करकर केली असेल, पण त्याला ऐकू आली नाही. पहिल्याचा दुसरा झाला तो कळलाच नाही. दुसऱ्याचा तिसरा करताना पाय घुटमळला नाही. पाय आणि हात एकाच वेळी गेले आणि गाडीनं मागून धक्का मारल्यासारखी उडी घेतली. चंदेरी गाडी जवळ आली, बाजूला आली, मागे गेली. व्हर्लिन तोंड उघडून ओरडत होता. रेषा आली तेव्हा तो चांगलाच पुढे होता.

परतीच्या रस्त्यावरच्या टपरीतून बाईनं वेळेची चिठ्ठी हातात दिली. तिनं तोंड वाईट केलं होतं. व्हर्लिननं चष्मा वर करून वाचलं.

बारा पॉइंट पंच्याण्णव.

"बारा पंच्याण्णव!" तो एवढ्यानं ओरडला की टपरीतली बाई मागे सरकली. "बघा! वाचा! मी सांगत नव्हतो? अकरा वर्षं सांगतोय!"

"पण व्हर्लिन," बाई म्हणाली, "तुम्ही तेरा वीस लिहिलं होतंत. तुम्ही बाद आहात."

तेवढ्यात क्लेटनचा आवाज आला. "विजयी, मिस ओपल! चौदा बारा! आणि मंडळी, व्हर्लिननं बारा पंच्याण्णवच लिहिले असते, तर तो दोन शतांश सेकंदांनी जिंकला असता!"

व्हर्लिनला ते आत्ता कुठे कळलं. सगळ्या गावाला जो आकडा ऐकवला तो खरा निघाला होता, आणि सगळ्या गावात तो न मानणारा माणूस एकटा तोच होता. त्याला रडू यायला लागलं. चिठ्ठी मात्र त्यानं शर्टाच्या खिशात नीट घडी करून ठेवली.

तो उतरायला गेला तर डावा पाय हलेना. गुडघा अडकून बसला होता. मागे गाड्यांची रांग लागली. ओपल आली, तिनं दार उघडलं, त्याला बखोटीला धरून ओढून काढलं आणि पलीकडच्या सीटवर कोंबलं.

"माझी गाडी क्लेटन आणील," ती म्हणाली आणि स्टिअरिंगमागे बसली. "कसं असतं हे?"

"तुला येत नाही गं!"

"पाय माझा, हात तुझा. मी दाबते, तू टाक."

गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा पहिल्या गिअरमध्ये बेडकासारख्या उड्या मारत फाटकाबाहेर पडली. मक्याच्या शेतांमधला रस्ता लागला तसं व्हर्लिननं घसा साफ केला.

"उद्या काढतो पेडल. शब्द म्हणजे शब्द."

"पेडल कुणाचं आहे आता?"

"तुझं. तू जिंकलीस."

"मग त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. ते राहील तिथेच." ओपल रस्त्यावरची नजर न काढता बोलत होती. "माझ्या शेजारून गेलास ना, तेव्हा तुझा तिसरा गिअर पडलेला मी ऐकला. चौतीस वर्षं ऑटोमॅटिक चालवली, असला आवाज कधी आला नाही तिच्यातून. तो बंद करायला माझं मन होत नाही."

व्हर्लिननं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पण माझ्या पेडलवर असला मोडका पाय चालणार नाही," ओपल म्हणाली. "मंगळवारी डॉक्टरकडे जायचं. त्या पहिल्याच डॉक्टरकडे."

खांद्यावरचा हात खाली आला. "हे बाजीत नव्हतं!"

"पेडल होतं बाजीत. पेडल माझं आहे."

"ओपल, काढ गं ते पेडल! मी आज रात्री काढतो. ऑटोमॅटिक बसव, दोन बसव! अगं, टेबलावर वॉशर राहिला तर?"

"मी दाराशी बसते. एक जरी उरला तरी तो परत आत बसवून घेतल्याशिवाय उठणार नाही." तिनं डावा पाय दाबला. "बडबड पुरे. दुसरा टाक."

व्हर्लिननं दुसरा टाकला. गाडीला जराही हिसका बसला नाही.