छतातून पाझरणारं कुंकू

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या विजयश्री चेंबर्सच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. शाहूपुरीतली ही जुनी व्यापारी इमारत. खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर माझा दवाखाना. त्या जानेवारीत लोक माझ्याकडे मात्र येत नव्हते, माझ्या दाराबाहेरच्या बोळात येत होते. तिथं भिंतीवर देवीची मोठी तसबीर होती आणि तिच्या वरच्या छतातून, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तांबूस पाणी टपकत होतं. तेही मंगळवारी आणि शुक्रवारी, बरोबर आरतीच्या सुमाराला. आईचेच वार, म्हणजे आणखी पुरावा कशाला हवा?

कागलहून टेम्पो भरून माणसं यायची, आजऱ्याहून आणि मलकापूरहून एसटीनं. तसबिरीखाली पितळी परात ठेवलेली. तिच्यातलं पाणी पळीनं तळहातावर आणि तळहातावरून थेट तोंडात. त्या पाण्याला भिजून कुजलेल्या गोणपाटाचा वास होता. तो लपवायला वर केवड्याचं अत्तर शिंपडायचे, मग दोन्ही वास एकत्र माझ्या दवाखान्यात शिरायचे. संध्याकाळी पाणी पिऊन गेलेले दोघे-तिघे दुसऱ्या दिवशी पोट धरून माझ्याकडेच यायचे, आणि औषध घेऊन पुन्हा परातीपाशी जायचे.

या सोहळ्याचे पुजारी म्हणजे सयाजीबापू. दिवाळीपर्यंत हा गृहस्थ खालच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकत होता. इमारतीचा मालक राजवर्धन, त्याचा हा सख्खा मेहुणा. आता भगवी शाल आणि हातात मोरपिसांचा कुंचा.

"पावणं, पाऊस न्हाय, ढग न्हाय, वर नळ न्हाय," बापू सांगायचा. "मग हे पाणी आलं कुठनं? आईच्या कपाळाचं कुंकू हाय हे. हाय का उत्तर तुमच्या सायन्सकडं?"

सायन्सला कुणी विचारलंच नव्हतं. ते दहा पावलांवर रिकामं बसून होतं.

ती तसबीर तिथं का आली हेही सांगून टाकते. त्या कोपऱ्यात लोक गुटखा खाऊन थुंकायचे. देवासमोर थुंकणार नाहीत म्हणून राजवर्धननं देवी टांगली. त्याच्याही आधी ते छत पावसाळ्यात गळायचं. आम्ही सगळ्या भाडेकरूंनी तक्रारी केल्या, तेव्हा त्यानं गळती काढली नाही, खालून पांढरं शुभ्र फॉल्स सीलिंग ठोकलं. आमच्याकडे घाण साफ करत नाहीत, झाकतात, आणि झाकणावर हार घालतात.

मी हे सगळं नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण त्या मंगळवारी मोना तपासणीला आली. कागलकडची पोर, सातवा महिना, पहिलटकरीण. बरोबर सासू, तानाबाई. दोघी आधी दर्शन घेऊन आल्या होत्या. शुक्रवारी मोनाची ओटी भरायची होती, घरी नव्हे, या छताखाली. बापूनं ही नवी रीत काढली होती. गरोदर बाईला पाटावर बसवायचं, छतातला थेंब पोटावर पडेपर्यंत हलू द्यायचं नाही.

मोनाला तपासताना तिच्या केसांत काहीतरी अडकलेलं दिसलं. मी ते काढून हातात घेतलं. बोराएवढा काँक्रीटचा तुकडा होता, एका बाजूनं तांबडा, बोटांत चुरल्यावर गंजाची पूड झाली.

मी तशीच गच्चीकडे निघाले. गच्चीच्या जिन्यावर भक्तांच्या चपलांचा ढीग. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत चपला, सँडल, बूट. महिनाभर एवढी माणसं इथं येत होती आणि वर काय आहे ते बघायला एकही गेला नव्हता, कारण वर जायची वाट म्हणजे चपला काढायची जागा, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं.

वर पाण्याची टाकी होती. आमच्या इमारतीला मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी टँकर येतो. टाकीचा बॉलकॉक तुटलेला, त्यामुळे पाणी भरून वाहत होतं. ते जायचं भोक कबुतरांच्या विष्ठेनं आणि गुटख्याच्या पुड्यांनी बुजलेलं. पाणी साठून बरोबर त्या बोळाच्या डोक्यावर डबकं झालं होतं. डबक्यात एक कबुतर फुगून, पिसं सुटून पडलं होतं, आणि त्याच्याशेजारून बारीक बुडबुडे काढत पाणी स्लॅबच्या भेगेत उतरत होतं. दुपारी मुरलेलं ते खाली पोचायला संध्याकाळ व्हायची. हे त्यांचं तीर्थ. मी कठड्याला धरून ओकले.

गर्दी पांगल्यावर स्टुलावर चढून मी फॉल्स सीलिंगची एक फळी उचलली आणि मोबाईलचा उजेड आत टाकला. वर स्लॅब असा उरलाच नव्हता. सळया उघड्या पडल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या, आणि त्या फुगवट्यानं काँक्रीटचे पोपडे सुटले होते. काही लोंबत होते. काही आधीच पडून त्या भिजलेल्या पांढऱ्या फळ्यांवर वाट बघत बसले होते, आणि त्यांचा चुरा फळ्यांच्या फटींतून खाली गळत होता. पाणी तांबडं का, तेही तिथंच कळलं.

मी राजवर्धनला गाठलं, तिथं काढलेले फोटो दाखवले. त्यानं ते शांतपणे पाहिले.

"डॉक्टर, स्लॅब उखडून करायचा म्हणजे काय खर्च हाय म्हाईत हाय का?" तो म्हणाला. "आनि गर्दीनं खालची सगळी दुकानं चालत्यात की. एवढी ओटी होऊ द्या, मग बघू."

त्याला माहीत होतं. हीच गोष्ट मला आजही घशाखाली उतरत नाही. माझ्या ओळखीचा इंजिनिअर छत बघायला येणार होता, पण सोमवारी, ओटी होऊन गेल्यावर. ओटी तिथं भरू नका म्हणून तानाबाईला फोन केला तर ती म्हणाली, माझा दवाखाना बसलाय म्हणून मी देवीवर जळते.

शुक्रवारी दुपारी टँकर येऊन गेल्यावर मी कपड्याच्या निळीच्या बाटल्या घेऊन गच्चीवर गेले आणि त्या डबक्यात ओतल्या.

संध्याकाळी आरती सुरू झाली. मोना पाटावर बसली होती, पिवळं लुगडं, ओटीत नारळ. घंटा, टाळ्या, बापूचा कुंचा. आणि पहिला थेंब तिच्या पदरावर पडला. निळा. मग दुसरा, तिसरा. बापू क्षणभर गांगरला, पण दुकानदार तो.

"आईनं रूप पालटलं," तो ओरडला. "कालीचं रूप घेतलंय आईनं. पाया पडा."

आणि लोक पडले की पाया. मी पुढं झाले, निळीची रिकामी बाटली वर धरली आणि सांगितलं की ही मी दुपारी गच्चीवरच्या डबक्यात ओतली, त्यात कबुतर सडतंय, आणि तेच पाणी तुम्ही महिनाभर पिताय. मागं कुणीतरी थुंकलं. एका म्हाताऱ्यानं पळी हातातून टाकून दिली.

"बाई, मग त्या दिशी माझ्या केसात काय हुतं?" मोनानं विचारलं.

"छताचा तुकडा. उरलेलं छत तुझ्या डोक्यावर आहे. ऊठ."

ती उठायला लागली. तानाबाईनं तिच्या खांद्यावर हात दाबला. "बस खाली. भरली ओटी अर्धी सोडू न्हाय."

मोनानं सासूकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"आत्ती, मग तुमी बसा की हितं."

तानाबाईनं वर बघितलं. महिनाभरात त्या छताकडे हात न जोडता बघणारी भक्तांमधली ती पहिली. मग तिनं हात काढला आणि सुनेला दंडाला धरून बाजूला घेतलं.

मी सगळ्यांना भिंतीपर्यंत मागं हटवलं आणि जळमटं काढायच्या लांब काठीनं पाटाच्या बरोबर वरची छताची फळी ढोसली. आधी काळा राडा आला, मग पिसं, मग फळी मोडली आणि नारळाएवढं ढेकूळ खाली आलं. पाटाचे दोन तुकडे झाले.

सयाजीबापू जिन्याकडं पळाला, पण चपलांच्या ढिगात त्याला स्वतःचीच जोडी सापडेना. एका बाईनं वाकून काँक्रीटचा खडा उचलला आणि कपाळाला लावला. तानाबाईनं पिशवीतून तीर्थाची बाटली काढली, ती घेऊन खाली गेली आणि रस्त्याकडेच्या गटारीत उपडी केली.

सोमवारी इंजिनिअर आला, इमारतीचा वरचा मजला रिकामा झाला, आणि राजवर्धनवर आम्ही भाडेकरूंनी पोलिसांत तक्रार दिली. मोनाला मुलगी झाली. तानाबाई आता सांगत असते, आईनंच वाचवलं. सांगू दे. मी तिथं होते. मोना स्वतःच्या पायांवर उठली.

तुमच्या दुकानात, ऑफिसात, बँकेत छताला डाग दिसला तर हात जोडू नका, आणि त्यावर पांढरी फळीही ठोकू नका. पाणी वरून खाली येतं, एवढं आपल्या सगळ्यांना कळतं. जिन्यावर चपला असतील, तर त्या बाजूला करा आणि वर जाऊन बघा.