पाच दारांचा भिका

"तीन महिने झाले पोराला. मांजरीच्या पिलाला पन कोन तरी नाव ठेवतं, आन ह्याला आपलं नुसतं बाळ, बाळ!"

मैनाबाई पुटपुटली ती लसीच्या कार्डाकडे बघून. कार्डावर नावाच्या जागी 'रूपालीचे बाळ' एवढंच लिहिलं होतं, हे तिला दवाखान्यात वाचून दाखवलं होतं. तिचं हे पुटपुटणं सालवडच्या नातवाच्या दोन खोल्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं, कारण मी तिच्या जिभेखालीच बसलेलो असतो. साठ वर्षं तिथेच आहे.

मित्रांनो, मी एक जुनं नाव आहे. भिका. हसलात ना? हसा. शाळेच्या हजेरीत माझा पुकारा झाला की मागच्या बाकापर्यंत खसखस पिकायची, त्याची मला सवय आहे. पण मी आलो कुठून, ते ऐकून मग हसा.

पूर्वी बाळं फार जायची. ताप यायचा, जुलाब व्हायचे, आणि पाळणा रिकामा व्हायचा. एक-दोन लेकरं गेलेल्या घरात पुढचं मूल झालं की आई त्याला चांगलं नाव द्यायला भ्यायची. गोड नाव ठेवलं की मरणाला ते आवडतं आणि मरण परत येतं, असं म्हणायचे. म्हणून मग धोंडू, दगडू, केरू आणि मी. अशी नावं ऐकून मरण नाक मुरडेल आणि पुढे जाईल, एवढीच आशा.

माझा मान मात्र त्यांच्यात वेगळा. धोंडूला कुणाकडे काही मागावं लागत नसे. माझ्यासाठी आईला पाच दारं फिरावी लागत. हातात कधी न वापरलेलं कोरं भांडं घ्यायचं आणि प्रत्येक दारात सांगायचं, "माझं एक गेलं. याला तुमच्या दारची भीक घाला." त्या घरची बाई मूठभर तांदूळ आणि कापडाचा एक तुकडा घालायची आणि म्हणायची, "हा आमचा. तुझ्याकडे सांभाळायला दिला." पाच घरच्या तुकड्यांचं झबलं शिवायचं, तांदळाची पेज करायची आणि मग माझी पहिली हाक मारायची. म्हणजे मूल पाच घरांचं झालं. न्यायचं तर मरणाला पाच दारं ठोठावावी लागणार!

सातपाटीपासून तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर मी एके काळी इतका होतो की एका गावात सात-सात भिके निघायचे. चिकूवाला भिका, बैलगाडीवाला भिका, तिरळा भिका असं सांगावं लागे. बाया कौतुकाने म्हणत, "भिका नाव ठेवलं ना, जगलं बघ पोर."

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी कुणाला जगवलं नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत. तोंडसुद्धा दुसऱ्याचं वापरतो. जे भिके दीड वर्षाचे होऊन गेले त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, जगलेल्यांचीच सांगतात. तापाने फणफणलेल्या पोराच्या कानात आई रात्रभर 'भिका, भिका' करत बसायची आणि मी तिच्या ओठातून नुसता बाहेर पडत राहायचो. ओल्या कपड्याच्या घडीएवढासुद्धा माझा उपयोग नव्हता.

पुढे लसी आल्या, दवाखाने आले. बोईसरला कारखाने आले, लांबलांबची माणसं आली. बाळं जगू लागली आणि मी मागे पडलो, ते बरंच झालं. पण शाळेत पोरं 'भिकारी, भिकारी' म्हणून मागे धावत, तेव्हा वाईट वाटायचं. काहींनी माझं नुसतं 'बी' केलं आणि त्यापुढे टिंब दिलं. काहींनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन मला काढूनच टाकलं.

शेवटी उरला एकच. भिका धर्माजी राऊत, समुद्राकडच्या एका गावातला चिकूवाला. त्याच्या आईने, रखमाने, दोन लेकरं पुरल्यावर त्याच्यासाठी पाच दारं केली होती. मैनाबाई ही त्याची बायको. तिच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती. लग्नातल्या उखाण्यात तिने मला एकदा घेतलं, तेही इतक्या हळू की करवलीने परत विचारलं. त्यानंतर मी आपला जिभेखाली. एकदा तो झाडावरून पडला तेव्हाही ती ओरडली काय, तर "अवो, धावा कोनी तरी, ह्ये पडले!" कोण पडलं ते गावाला अंदाजाने ओळखावं लागलं.

तो जाऊन पाच वर्षं झाली. आता मी फक्त लाईट बिलावर येतो. बिल अजून त्याच्याच नावाने आहे. बदलून घ्यायला कुणाला सवड नाही, आणि मैनाबाईला बदलायचं नाही. दर महिन्याला ती कागद हातात घेते, नावाच्या ओळीवरून बोट फिरवते आणि घडी करून पिशवीत ठेवते. तिला वाचता येत नाही. पण मी कुठे असतो, ते तिला पक्कं माहीत आहे.

अशी ती पिशवी घेऊन सालवडला आली. भाग्येश तिचा नातू, कंपनीत पाळीवर जाणारा. त्याचे आईवडील गावी वाडी सांभाळतात, म्हणून नातसून रूपालीच्या मदतीला आजीच आली.

त्या घरात माझ्याआधी एक नाव येऊन गेलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी रूपालीला सातवा महिना लागला तेव्हा भाग्येशने मोबाईलवर शोधून एक नाव पसंत केलं होतं. हौस इतकी, की एक स्टीलची वाटी आणून दुकानात ते नाव त्यावर घालूनही घेतलं. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. आपल्याकडे बारशाआधी नाव फोडत नाहीत, पण भाग्येश म्हणाला होता, "आजकाल कोण मानतं?" मूल आठव्या दिवशी गेलं. बाराव्या दिवसापर्यंत पोहोचलंच नाही, म्हणजे बारसं नाही, म्हणजे लोकांच्या हिशेबी त्याला नाव नव्हतंच. तेव्हापासून त्या घरात 'मागच्या वेळी' एवढाच शब्द आहे. मागच्या वेळी उन्हाळा होता. मागच्या वेळी दुसरा डॉक्टर होता. ती वाटी वरच्या फळीवर पालथी आहे. ती कुणी वापरत नाही, टाकतही नाही.

मला त्या नावाची फार दया यायची. माझी थट्टा झाली, पण मला हाका तरी मिळाल्या. त्याला एकही नाही.

आणि आता हे दुसरं बाळ. रूपाली त्याला वेळेवर पाजायची, तेल लावायची, न्हाऊमाखू घालायची. पण बोलायची नाही. एक शब्द नाही. बारशाचा विषय निघाला की उठून भांडी घासायला बसायची. लसीच्या दिवशी नर्सबाईंनी बाळासमोर टाळी वाजवली, चुटकी वाजवली आणि विचारलं, "आई, बाळाशी बोलता ना तुम्ही? हा आवाज करतच नाही. हुंकार द्यायला हवा याने आता. आधी घरात बोला, मग आपण कान तपासू." रूपालीने मान हलवली. घरी आल्यावर ती बाळाकडे नुसती बघत बसली. तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. हाक मारली की ते जाईल, असं तिला वाटत होतं. हे मला कळत होतं, आणि मी जिभेखाली गप्प बसण्याखेरीज काय करणार?

त्याच दुपारी मैनाबाई कार्ड बघून पुटपुटली. मग तिने पिशवीतून लाईट बिल काढलं आणि रूपालीपुढे धरलं.

"ह्ये ठेव."

"बिल? कुठे ठेवू?"

"बिल नाय गं बाय! ह्ये नाव." आणि तिने बोट माझ्यावर टेकवलं.

रूपालीने वाचलं, "भिका." पाच वर्षांनी मला कुणीतरी मोठ्याने उच्चारलं. मैनाबाईने पटकन पदर डोक्यावर घेतला.

भाग्येश जेवता जेवता थांबला. "आजी, काहीतरीच काय? उद्या शाळेत पोरं काय म्हणतील?"

"म्हनतील भिकारी. तुझ्या आज्याला पन म्हनाले. ऐंशी वर्सं जगला, म्हननारे कवाच गेले."

"कागदावर नाही हां लिहायचं."

"कागदावर तुझं मोबाईलमधलं लिव. घरात हाकेला ह्ये. पन तसंच नाय मिळत. पाच दारं करावी लागतात." आणि तिने सगळी रीत सांगितली. शेवटी म्हणाली, "कधी न वापरलेलं भांडं हाय का घरात?"

खोलीत सगळे छताकडे, जमिनीकडे, पंख्याकडे बघू लागले. रूपाली उठली, स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरची ती वाटी काढून पदराने पुसली. भाग्येशने ताटातल्या वरणात बोट बुडवलं आणि तसंच ठेवलं.

मग मित्रांनो, संध्याकाळी त्या चार मजली इमारतीत, जिथे कुणाचं गाव कुणाला ठाऊक नाही, तिथे माझ्यासाठी पाच दारं झाली. कडेवर बाळ, हातात वाटी घेऊन रूपाली पुढे, मागे मैनाबाई आणि सगळ्यात मागे लाजेने अर्धा झालेला भाग्येश.

पहिल्या दारात बिहारकडची बाई होती. बोलायचं रूपालीने होतं, पण तिचं तोंड उघडेना. मैनाबाईच मध्ये पडली, "हिचं मागच्या टायमाला जरा... तर बच्चे के वास्ते मूठभर चावल द्या." त्या बाईने खळखळ न करता तांदूळ घातले. "हमारे यहाँ भी होता है, माँजी," म्हणाली आणि मुलीच्या जुन्या फ्रॉकचा तुकडा दिला. दुसऱ्या दारातही 'मागच्या टायमाला जरा'. तिसऱ्यातही. चौथ्या खोलीत पाळीवरून आलेले चार कामगार राहत होते. तांदूळ संपलेला. एकाने संकोचून मूठभर पोहे घातले आणि कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मची निळी बाही कापून दिली. "चालतंय का आजी?" "पळतंय रे बाबा," मैनाबाई म्हणाली.

चार दारं झाली आणि 'माझं एक गेलं' हे वाक्य कुणीच पुरतं बोललं नव्हतं. मैनाबाईसुद्धा नाही. म्हणजे मी पोकळच मिळणार होतो.

पाचवं दार येण्याआधी माझं एक मागणं ऐकून घ्या, मित्रांनो. तुमच्या घरातही जुनी नावं असतील. बिलावर, फोटोमागे, भांड्यावर. ती कुणाला वाचवत नाहीत, माझ्यावर विश्वास ठेवा. पण ती गप्प ठेवली की घरातली जिवंत माणसंही हळूहळू गप्प होतात. भांडी घासता तशी तीही अधूनमधून उच्चारत जा. आमचं आम्हाला काही करता येत नाही.

पाचवं दार इंदुबाईचं, जळगावकडच्या. इमारतीत वाट्यांची इतकी अदलाबदल व्हायची की भांडं हातात आलं की आधी त्यावरचं नाव बघायची, ही तिची सवय. तांदळाची मूठ तशीच धरून तिने वाटी दिव्याकडे फिरवली.

"हे कुणाचं गं नाव? तुमच्यात तर या नावाचं कुणी नाही."

"ते दुकानदाराने चुकून..." भाग्येश म्हणाला.

"जुनी वाटी हाय ती," मैनाबाई म्हणाली.

रूपालीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

"प्रीतम," ती म्हणाली. "माझा थोरला. आठ दिवसांचा होऊन गेला. याला तुमच्या दारची भीक घाला."