तीन मजल्यांचं कापड

आमचे हे शिंपी, आणि एकदा हट्टाला पेटले की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. दुकानामागच्या मोकळ्या जागेत नगरपालिका तीन मजली घरं बांधणार असं कळलं, तेव्हा यांनी हातातली कात्रीच खाली ठेवली. आमची एकुलती एक मोठी खिडकी तिकडेच उघडते. कापडाला दोरा जुळवायचा तो तिच्या उजेडात. दिव्याखाली काळा आणि गडद निळा सख्खे भाऊ वाटतात.

हरकत नोंदवून झाली. अधिकारी पाहणीला येणार ठरलं.

"कागदावर अंधार कसा दिसणार?" हे म्हणाले. "इमारतीएवढं कापडच उभं करू."

शेजारच्या रंगाऱ्याने परांचीचे बांबू दिले, मी जुन्या चादरी काढल्या आणि शिवायचं काम वन्संकडे गेलं.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून लेकीला घेऊन आमच्याकडेच असतात. दुकान बंद झालं की मायलेकी कापायच्या टेबलाखाली अंथरूण घालतात. नव्या घरांपैकी काही अशाच एकट्या बायकांसाठी होती, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. पण या घरात थोरल्या भावापुढे तोंड उघडायची रीत नाही. आणि खोटं कशाला बोलू, उजेड मलाही हवाच होता.

वन्संनी मुकाट्याने चादरी जोडल्या, काठ दुमडले आणि घडी घालून ठेवली. आमच्याकडून अर्धवट काम कधी बाहेर जात नाही.

पाहणीच्या दिवशी बांबू उभे राहिले आणि दुकानात संध्याकाळ झाली. "बघा बाई, आता सुईत दोरा ओवून दाखवा!" असं म्हणायला हे बाहेर आले, तर अधिकारी बाई मान वर करून हसत होत्या.

कापडावर चिंध्यांच्या खिडक्या शिवल्या होत्या. तिन्ही मजल्यांवर, एका ओळीत. दुसऱ्या मजल्यावरच्या एकीला फुलाफुलांचा पडदाही होता.

"हे काय गं?" यांनी विचारलं.

"दादा, तू इमारत शिव म्हणालास," वन्सं म्हणाल्या. "बिनखिडक्यांची कशी शिवू?"

"आणि पडदा एकीलाच?"

वन्सं बांबूचा दोर धरून खाली बघत राहिल्या.

हे बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होते.

"अंधार तर खरंच होतोय," बाई म्हणाल्या. "तसं लिहून घेते."

"नको. हरकत मागे घेतो."

"अहो, मग एवढा खटाटोप कशासाठी केलात?"

"हिला घर दाखवायला," हे म्हणाले. मग वन्संच्या हातातला दोर त्यांनी स्वतः धरला. "जा, जरा लांब उभी राहून बघ. इथून नीट दिसत नाही."