दोन-दोन विषय

साबणाची दाढ अजून ओलसर होती... चार टोकांची, मुळाशी किंचित वाकडी, स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलेली. आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर ओदेतने ती कोरली होती, दाताची डॉक्टर व्हायचं तर बोटांना सवय राहावी म्हणून. आता नदीवरून आलेल्या धुक्यात तिची एक कड निळसर दिसत होती, आणि ओदेतला वाटलं, ही कुणाच्या जबड्यातून नव्हे, ढगातूनच निखळून पडली असावी.

"त्या दाढेकडे बघत बसलीस तर बस जाईल निघून," आदेलिनू म्हणाला. त्याने तिच्यासमोर कॉफी ठेवली, गोड पावाचा जाड काप ठेवला. "आणि खा काहीतरी. उपाशी पोटी मुलाखत देणाऱ्यांना ते बोस्टनच्या कॉलेजवाले ओळखतात."

"भूक नाही हो, पपा."

"मी मेल्यावर डॉक्टर होऊ नकोस, एवढंच सांगतो. माझी कवळी तुझ्याच हातची हवी. ही मेली बोलताना वाजते."

ती हसली, आणि हसता हसता निघाली.

बस फॉल रिव्हर गावाच्या उतारावरून खाली आली तेव्हा दगडी गिरण्या धुक्यात नुसत्या तरंगत होत्या — पायाच नसल्यासारख्या. यातल्याच एका गिरणीत पपा रंगाच्या पिंपाशी कोसळले होते, उजवं अंग लुळं होऊन. ओदेत तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती, सगळ्यांसारखे पाच विषय घेतलेली. तिने सगळं सोडलं. पपांना भरवलं, उठवलं, भिंतीला धरून चालवलं. आणि पुढे परत गेली ती दोन विषयांपुरती. सकाळी गल्लीतल्या दाताच्या दवाखान्यात मदतनीस, दुपारी एक वर्ग, मग दुसरा. सत्र संपलं की पुन्हा दोन. वर्ग म्हणजे नदीचा काठ झाला होता — मुलं वाहत यायची, शेजारच्या बाकावर क्षणभर अडकायची, पदवी घेऊन पुढे वाहून जायची, आणि ती तिथेच, पाण्यात पाय सोडून... एका हिवाळ्यात फक्त रसायनशास्त्र होतं आणि इतिहास, आणि ते रेणू तिच्या डोक्यात बर्फासारखे संथ फिरत राहिले होते, दवाखान्यात कुणाच्या तोंडात नळी धरून उभी असतानासुद्धा. किती सुंदर होता तो हिवाळा.

कॉलेजच्या सल्लागार बाईंनी गेल्या वर्षी बजावलं होतं, "गुण उत्तम आहेत तुझे. अर्धवेळ शिकलीस म्हणून कुणी दार लावून घेत नाही. पण दंतवैद्यकाचं पहिलं वर्ष म्हणजे डोंगर असतो, बाई. दोन पायऱ्या चढून थांबणारीला तो झेपेल का, हे ते विचारणारच. एक सत्र तरी पाच विषयांचा पूर्ण भार घेऊन दाखव." तिने मान हलवली होती. मग पुन्हा दोनच विषय घेतले होते. पपा आहेत ना घरी, असं म्हणून.

मुलाखतीची खोली लहान आणि उजेडाने भरलेली होती. डॉक्टर हॅलोरन साठीच्या, चष्मा केसांत खोचलेला, आवाज इतका मऊ की प्रश्न कधी संपला ते कळू नये. त्यांनी दवाखान्याबद्दल विचारलं, रडणाऱ्या पेशंटचं काय करता ते विचारलं. ओदेत छान बोलत होती. तिचं तिलाच ते लांबून ऐकू येत होतं.

"वडिलांच्या आजारपणामुळे तुम्ही दोन-दोन विषय घेतलेत, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"फार मोठं काम केलंत. आता कसे आहेत ते?"

"बरे आहेत."

"चालतात?"

चालतात... रोज चर्चपर्यंत चालत जातात, येताना मासे आणतात. आज सकाळी कॉफी त्यांनीच केली, काल माझ्या जाकिटाला इस्त्रीही त्यांनीच केली, आणि मी ते घालून इथे त्यांच्या आजाराची गोष्ट सांगतेय. कधीपासून? गेल्या हिवाळ्यातही ते असेच होते, त्याच्या आधीच्याही. मग त्या वर्षी दोनच विषय कुणासाठी घेतले? खोलीतला उजेड हलल्यासारखा वाटला. डॉक्टर हॅलोरन वाट पाहत होत्या, घाई न करता.

तयार केलेलं उत्तर जिभेवरच होतं. ते बोलून टाकलं असतं तर चाललं असतं.

"चालतात," ओदेत म्हणाली. "दोन-तीन वर्षं झाली, त्यांना माझी तशी गरज उरलेली नाही. सुरुवातीला त्यांच्यासाठीच होतं सगळं. पुढे... पुढे मला सवय लागली. हळू शिकायला आवडायला लागलं. आणि भीतीही होती. दोन विषयांत नापास झालं तर माणूस म्हणू शकतो, घरी आजारी वडील आहेत. पाच विषयांत एकटंच नापास व्हावं लागतं."

डॉक्टरांनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. "आणि आमच्याकडे हळू शिकता येत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग माहीत नाही," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले. "यायचंय मात्र. फार यायचंय."

त्यांनी काही लिहिलं नाही. दाराशी हात दिला तेव्हा तो जरा जास्त वेळ धरला — की तसं आपल्यालाच वाटलं?

परतीच्या बसमध्ये ती स्वतःवर चिडली, मग चीडही निवळली. काचेपलीकडे दलदली मागे जात होत्या, पाण्यात उभे बगळे मागे जात होते. कदाचित गेली ती जागा. कदाचित एका वाक्यात इतक्या वर्षांवर पाणी सोडलं.

घरी आदेलिनू कोबीचं सूप ढवळत होता. "काय विचारलं गं?"

"तुमची तब्येत विचारली."

"मग? काय सांगितलंस?"

"ठणठणीत आहेत म्हटलं."

"वा!" तो खूश झाला, आणि मग एकदम पडेल आवाजात म्हणाला, "पण मग... त्याने तुझं काही बिघडलं नाही ना, पोरी?"

त्याने वाढलेलं सूप पुढे ओढून ती टेबलाशी बसली. पुन्हा शेगडीकडे वळलेल्या पपांची पाठ तिला आज फार रुंद दिसली, परक्या, धडधाकट माणसाची असावी तशी. इतकी वर्षं त्या पाठीच्या आडोशाला आपण किती निवांत उभ्या होतो. आता तिथे सावली नव्हती. अंगावर सगळीकडून वारा येत होता, थोडा गार, आणि त्यात उभं राहायला पाय कसे ठेवायचे हे तिला अजून कळत नव्हतं — पण ती ते शोधत होती, चमचा हातात धरून, सूप निवेपर्यंत.